सौर प्लेटांनी पाऊस पळतो म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एक लांबलचक संदेश आमच्या भागातील जवळपास प्रत्येक गावाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरला. मला तो तीन ठिकाणांहून आला आणि तिन्ही वेळा मी तो अर्धवट वाचून सोडून दिला, कारण अशा मजकुरावर वेळ घालवू नये असे मला वाटत होते. चौथ्यांदा तो माझ्या चुलत्यांकडून आला. तात्या चौसष्ट वर्षांचे आहेत, बालाघाटाच्या पायथ्याशी त्यांची पाच एकर जमीन आहे आणि सातवीनंतर शाळा सुटली असली तरी हिशेबाला ते पक्के आहेत. संदेशाखाली त्यांनी लिहिले होते, ''गायरानावरच्या सोलरला ग्रामसभेत हात वर करायचा नाही असं आम्ही ठरवलंय. तू वायरमनची पोरं शिकवतोस, तुला काय वाटतं ते सांग.'' मी बावीस वर्षे आयटीआयमध्ये वीजतंत्री हा व्यवसाय शिकवतो आहे, त्यामुळे हा प्रश्न मला टाळता येण्यासारखा नव्हता. फोनवर अर्धा तास बोललो, पण फोनवरचे बोलणे दोघांतच राहते आणि संदेश मात्र गावभर जातो, म्हणून हे सविस्तर लिहून काढतो आहे.

ज्यांच्यापर्यंत तो संदेश पोहोचलेला नाही त्यांच्यासाठी त्यातील दावे थोडक्यात असे. देशातील प्रत्येक गावात २०१८ सालीच वीज पोहोचली असून आताची टंचाई कृत्रिम आहे. शेतीपंपांची वीज सरकारने माफ केलेली असल्यामुळे सौर प्रकल्पाची गरज उरलेली नाही आणि हा केवळ गायरान बळकावण्याचा डाव आहे. पवनचक्क्यांनी बीड आणि धाराशिवचा पाऊस पळवला, आता सौर प्लेटांच्या उष्णतेने उरलेले ढगही विरतील. जर्मनीने सौरऊर्जा बंद केली आणि तिथले भंगार आपल्याकडे येत आहे. ढग आले की सौरऊर्जा बंद पडते. आणि शेवटी उपाय म्हणून सांगितले आहे की रात्रीची पाळी चुकवायची असेल तर दिवसा सिंगल फेजवर कंडेन्सर लावून मोटार चालवावी, स्टार्टरला ऑटो (लाईट आली की मोटार आपोआप सुरू करणारे साधन) बसवून ठेवावा, फ्यूज उडत असेल तर जाड तार टाकावी, आणि आकड्याला, म्हणजे तारेवर आकडा टाकून बिनजोडणीची वीज घेण्याला, घाबरू नये, कारण शेतकऱ्यावर वीजचोरीचा गुन्हा दाखल होत नाही.

आधी पावसाचे घेतो, कारण ग्रामसभेतील हात त्याच मुद्द्यामुळे खाली राहणार आहेत. पवनचक्क्या पाऊस पळवतात ही समजूत या संदेशाने नव्याने आणलेली नाही. सातारा-सांगलीच्या पठारांवर नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यानंतर लगेच दुष्काळी वर्षे आली आणि लोकांनी दोन्हींची सांगड घातली. पुढे पाटोदा, आष्टी, भूम, वाशी या आपल्या तालुक्यांत त्या आल्या तेव्हा ही समजूतही त्यांच्याबरोबर आली. समजूत निर्माण का झाली हे मला कळते. आभाळ भरून येते, वारा सुटतो, ढग डोक्यावरून निघून जातात आणि त्याच वेळी समोरच्या डोंगरावर पाती गरागरा फिरताना दिसतात. जे एकत्र दिसते ते मनात एकत्र बसते. पण वारा जोराचा म्हणून पाती फिरतात आणि त्याच वाऱ्याबरोबर ढगही पुढे जातात. पाती फिरल्यामुळे ढग जात नाहीत.

उंचीचा हिशेब तर कोणालाही करता येईल. पवनचक्कीचा मनोरा साधारण ८० ते १२० मीटरचा असतो आणि पात्याचे टोक फार तर दोनशे मीटरपर्यंत जाते. पाऊस देणारा मोठा ढग जमिनीपासून अर्धा-एक किलोमीटरवर सुरू होतो आणि दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. त्याला लागणारी वाफ शेकडो किलोमीटरवरून, अरबी समुद्रावरून आणि बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांबरोबर येते. मराठवाड्यात पाऊस कमी का, याचे कारण सह्याद्री आहे. पश्चिमेकडून येणारे ढग घाटमाथ्यावरच रिते होतात आणि आपण पर्जन्यछायेत राहतो. पवनचक्क्या लावणारे जागा निवडतात तेव्हा मोकळी, उंच, वाऱ्याची पठारे शोधतात, आणि पर्जन्यछायेतल्या पट्ट्यात अशी पठारे भरपूर आहेत. म्हणजे कमी पावसाचा प्रदेश आधी होता, पवनचक्क्या तिथे नंतर आल्या.

एवढ्यानेही कोणाचे समाधान होत नसेल तर त्याने घरातल्या म्हाताऱ्या माणसांना १९७२ साल विचारावे. त्या साली मराठवाड्याच्या डोंगरांवर वीज तयार करणारी एकही पवनचक्की नव्हती आणि सौर प्लेट हा शब्दही कोणी ऐकला नव्हता. तात्या तेव्हा लहान होते आणि आपल्या आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर माती टाकायला जात होते, हे त्यांनीच मला अनेकदा सांगितले आहे. त्याही मागे जायचे तर दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ पासून अकरा-बारा वर्षे चालल्याचे सांगतात. उलट २०२५ च्या सप्टेंबरमध्ये काय झाले ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. ज्या धाराशिव आणि बीड जिल्ह्यांचा पाऊस पवनचक्क्यांनी पळवला असे संदेशात म्हटले आहे, तिथेच त्या महिन्यात नद्यांनी पात्रे सोडली, सोयाबीन पाण्याखाली सडले, माती खरवडून गेली आणि भूम-परंडा भागात अडकलेल्या माणसांना बाहेर काढायला हेलिकॉप्टर आणावे लागले. पवनचक्क्या तेव्हाही डोंगरावर फिरतच होत्या. एवढ्या ताज्या आठवणीवर कोणी असा संदेश लिहू शकतो आणि आपण तो पुढे पाठवू शकतो, याचा मला खरोखर संताप येतो.

सौर प्लेटांच्या उष्णतेचा मुद्दा याहून कच्चा आहे. प्लेटेवर पडलेल्या उन्हाचा साधारण पाचवा भाग वीज होऊन तारेने निघून जातो आणि उरलेल्यातील बराचसा उष्णता होतो, हे खरे आहे. प्लेटांच्या रांगांमध्ये दुपारी उभे राहिले तर हवा थोडी जास्त तापलेली जाणवते, हेही मी मान्य करतो. पण आपली काळी जमीन मे महिन्यात नांगरून उघडी पडलेली असते तेव्हा ती काय करते? तीही ऊन पिते आणि तापते, म्हणून तर दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही. मराठवाड्याचे क्षेत्रफळ सुमारे पासष्ट हजार चौरस किलोमीटर, म्हणजे दीड कोटीहून अधिक एकर आहे. त्यातील लाखो एकर काळे रान दरवर्षी उन्हाळाभर तापत असते आणि तरीही मृगात ढग येतात. गावच्या गायरानातील पंधरा एकरांवर प्लेटा बसवल्या म्हणून ते विरतील, हे मानायला कोणताही आधार नाही.

जर्मनीबद्दल एकच सांगतो. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ रोजी बंद केले ते आपले शेवटचे तीन अणुवीज प्रकल्प होते. सौरऊर्जा त्या देशाने वाढवत नेली आहे, आणि तीही आपल्यापेक्षा कितीतरी कमी ऊन असताना.

ढग आले की सौरऊर्जा बंद पडते, या दाव्यात अर्धे तथ्य आहे, आणि ते मी नाकारणार नाही. शेतात बसवलेला स्वतंत्र सौरपंप ढगाळ दिवशी कमी पाणी ओढतो. आपल्याकडे पाचशे-सहाशे फुटांपर्यंत गेलेल्या बोअरना तीन किंवा पाच एचपीचा सौरपंप पुरा पडत नाही, अशी तक्रार करणारे शेतकरी मला भेटले आहेत आणि त्यांची तक्रार खरी आहे. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्के रक्कम भरावी लागते, आणि पंपाची क्षमता जमिनीच्या क्षेत्रावरून ठरते, बोअरच्या खोलीवरून नाही. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी हे सूत्र ज्याची विहीर चाळीस फुटांवर आहे त्याला ठीक आहे. ज्याने सहाशे फुटांवर मोटार सोडली आहे त्याने अर्ज करण्यापूर्वी विचारच करायला हवा. एवढी कबुली दिल्यावर हेही म्हटले पाहिजे की आषाढ-श्रावणात झड लागलेली असते तेव्हा पाण्याची गरजही कमी असते, आणि पावसाने पंधरा-वीस दिवसांचा खंड दिला की आभाळ मोकळे होते आणि पंप पुन्हा भरात चालतो.

पण खरी गोष्ट अशी की आपल्या ग्रामसभेपुढे असलेला विषय हा पंपाचा नाहीच. संदेश लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या योजना एकत्र कालवल्या आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या उपकेंद्रापासून काही किलोमीटरच्या आत सौर प्रकल्प उभारतात आणि त्याची वीज उपकेंद्रातून शेतीच्या ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) वाहिनीवर सोडतात. शेतकऱ्याची मोटार, स्टार्टर, केबल यांतले काहीही बदलत नाही. ती वाहिनी ग्रिडला, म्हणजे विजेच्या मोठ्या सामाईक जाळ्याला, जोडलेलीच राहते, त्यामुळे ढगाळ दिवशी कमी पडणारी वीज ग्रिडमधून येते. या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील पहिला प्रकल्प दुसरीकडे कुठे नाही, आपल्या मराठवाड्यातच, वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे २०२४ साली सुरू झाला. तो ३ मेगावॅटचा आहे आणि त्यामुळे सतराशेहून अधिक शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळू लागल्याचे तेव्हा जाहीर झाले. ज्याला शंका आहे त्याने वैजापूरची एसटी पकडावी, तिथल्या शेतकऱ्यांना विचारावे आणि मग ग्रामसभेत बोलावे. या प्रकल्पांची वीज युनिटला सुमारे तीन रुपयांना पडते, आणि ती जिथे वापरायची त्याच्या जवळच तयार होते.

आपल्या भागाला याचे महत्त्व इतरांपेक्षा जास्त कळायला हवे, कारण परळीच्या कोळशावरच्या वीजकेंद्राचा अनुभव आपला आहे. अशा केंद्राला कोळशाइतकीच पाण्याचीही गरज असते. २०१३ च्या फेब्रुवारीत या केंद्राला पाणी देणाऱ्या खडका धरणात पाणी उरले नाही आणि परळीचे सगळे संच बंद करावे लागले. ज्या वर्षी दुष्काळ पडतो, बोअर खोल जातात आणि विजेची गरज सर्वांत जास्त असते, नेमक्या त्याच वर्षी आपल्या दारातले केंद्र पाण्यावाचून थांबले. सौर प्रकल्पाला प्लेटा धुण्यापुरते पाणी लागते.

आता प्रत्येक गावात २०१८ सालीच वीज पोहोचली या दाव्याविषयी. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेईसांग या गावात वीज पोहोचली आणि देशातील सर्व गावांचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, हे खरे आहे. पण गावाला वीज पोहोचली असे कागदोपत्री कधी म्हणतात? गावात तारा आणि रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) असेल, शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागी वीज असेल आणि दहा टक्के घरांत जोडणी असेल, तर ते गाव विद्युतीकृत धरले जाते. शंभर उंबऱ्यांच्या गावात नव्वद घरे अंधारात असली तरी ते गाव यादीत पूर्ण होते. म्हणूनच तर सरकारला २०१७ च्या सप्टेंबरमध्ये घराघरांत जोडणी देण्यासाठी सौभाग्य ही वेगळी योजना आणावी लागली आणि तिच्यातून पुढे २ कोटी ८६ लाख घरांना जोडण्या दिल्या गेल्या. हे काम मोठे झाले आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. माझ्या आजीने आयुष्यभर चिमणीच्या उजेडात भाकरी थापल्या. आज तिच्या सुनांच्या घरात बटण दाबले की दिवा लागतो. तरीही जोडणी मिळणे आणि वीज मिळणे यांत अंतर आहे. तांड्यावरच्या किंवा शेतवस्तीवरच्या घरात मीटर आहे, पण संध्याकाळी सात वाजता व्होल्टेज इतके पडते की पंख्याची पाती मोजता येतात, त्या घरी वीज पोहोचली असे मी म्हणणार नाही.

शेतीची वीज माफ झाली, मग आणखी काय हवे, हा प्रश्न संदेशात मोठ्या आवेशाने विचारला आहे. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळासाठी मोफत वीज देण्याची योजना आहे आणि सुमारे ४४ लाख शेतकरी तिच्यात येतात. शेतकऱ्याच्या डोक्यावरचे बिलाचे ओझे उतरले याचा मला आनंद आहे. पण ही वीज फुकट तयार होत नाही. तिचे पैसे राज्याच्या तिजोरीतून भरले जातात, आणि मुदत संपल्यावर काय होईल हे वीज किती स्वस्तात तयार होते यावरच ठरणार आहे. आणि मुळात बिल शून्य झाल्याने दुपारी दोन वाजता मोटार चालू होत नाही. शेतीला मोटारी चालवणारी तीन फेजची वीज दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशी पाळीपाळीने मिळते, आणि रात्रीची पाळी म्हणजे काय हे संदेश लिहिणाऱ्याने बहुधा पाहिलेले नाही.

मागच्या जानेवारीत मी दोन रात्री तात्यांबरोबर रानात होतो. हरभऱ्याला स्प्रिंकलर लावायचे होते. लाईट साडेदहाला आली. तात्यांनी कपाळाला बॅटरी बांधली, कानाला मफलर गुंडाळला, पायात गमबूट चढवले आणि आम्ही बांधाने निघालो. दर दोन-अडीच तासांनी मोटार बंद करून पाईप उचलायचे, पुढच्या पट्ट्यात नेऊन जोडायचे आणि पुन्हा मोटार चालू करायची. पाईप उचलला की त्यातले गार पाणी अंगावर येते. पहिल्या फेरीतच माझे दोन्ही हात कोपरापर्यंत भिजले आणि नंतर बोटांना पाईप जोडायची लॅच लागेना. तात्या प्रत्येक वेळी पाईप उचलण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना काठी आपटत होते. मी कारण विचारले नाही, कारण ते मला ठाऊक होते. पहाटे चारला आम्ही घरी आलो तेव्हा काकू ओसरीवर जागीच बसलेली होती. ती म्हणाली, ''रात्रीची पाळी असली की मला डोळा लागत नाही.'' देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला आहे. त्यात खेड्यांतली, शेतात राबणारी माणसेच अधिक आहेत. ती सगळी रात्रीच्या पाण्यामुळे गेली असे मी म्हणत नाही. पण ओल्या रानात मध्यरात्री माणूस पाठवणारी व्यवस्था दिवसावर आणता येत असेल, तर तिला कोणत्या तोंडाने नको म्हणायचे?

आता त्या संदेशातील उपायांकडे येतो. बाकीचे बरेच दावे चुकीचे आहेत, पण हा भाग जीव घेणारा आहे, आणि माझी सर्वांत मोठी तक्रार याच भागाबद्दल आहे.

तात्यांच्या डीपीचा, म्हणजे त्यांच्या मोटारीला वीज देणाऱ्या शिवारातल्या रोहित्राचा, हिशेब मांडतो. डीपी ६३ केव्हीए क्षमतेची आहे. पूर्ण भाराला तिच्यातून साधारण ८८ अँपिअर प्रवाह घेता येतो. पाच एचपीची मोटार चालू स्थितीत सात-आठ अँपिअर घेते, म्हणजे ती डीपी अकरा-बारा मोटारी सांभाळू शकते. तिच्यावर अधिकृत जोडण्या चौदा आहेत आणि रब्बीत पाच-सहा आकडे पडतात. एवढ्यावरही सगळ्या मोटारी एका वेळी चालत नाहीत म्हणून निभावते. आता संदेशाच्या सल्ल्याप्रमाणे प्रत्येकाने ऑटो लावला असे समजा. मोटार सुरू होताना पहिले काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. लाईट येते त्या क्षणी वीसच्या वीस मोटारी एकदम सुरू होतात आणि ८८ अँपिअरच्या डीपीकडे आठ-नऊशे अँपिअरची मागणी जाते. फ्यूज उडतो, आणि तो उडायलाच हवा, कारण तो त्यासाठीच बसवलेला आहे. तिथे संदेश सांगतो की जाड तार टाका. मग फ्यूज उडत नाही. त्याच्या जागी डीपीच्या आतील वेटोळी तापतात, तेल उकळते आणि एके रात्री डीपी जळते.

मागच्या रब्बीत आमच्या शिवारातली डीपी दोनदा जळली. दुसऱ्या वेळी मी ती उतरवताना पाहिली. टाकीच्या कडेने काळे तेल ओघळून वाळलेले होते, जळक्या तेलाचा वास बांधापर्यंत येत होता, आणि फ्यूजच्या पेटीत फ्यूजच्या तारेऐवजी वाहिनीच्या ॲल्युमिनिअमच्या तारेचे दुमडलेले तुकडे कोंबलेले होते. खेड्यातले नादुरुस्त रोहित्र ४८ तासांत बदलून देण्याचा नियम आहे. आम्हाला बदली रोहित्र यायला अकरा दिवस लागले, त्यासाठी गावाने वर्गणी काढून ट्रॅक्टर पाठवला, आणि ज्या कार्यालयात आम्ही खेटे घातले तिथे एकानेही नियमाचे नाव काढले नाही. ही त्यांची चूक होती आणि तिच्याबद्दल लेखी तक्रार करायला हवी होती. आम्ही ती केली नाही. पण पेटीतले ते तुकडे कार्यालयातून कोणी येऊन टाकलेले नव्हते. अकरा दिवसांत गव्हाच्या ओंब्या भरायच्या राहिल्या, आणि त्यात ज्यांनी कधी आकडा टाकला नाही त्यांचाही गहू होता.

डीपीवरची वीज सामाईक विहिरीसारखी असते. चार भाऊ एका विहिरीवर पाळीने बारे देतात. एकाने पाळी सोडून मोटार लावली तर सरकारचे काही जात नाही, खालच्या भावाचा ऊस वाळतो. आकड्याचे तसेच आहे. दिवसा सिंगल फेजवर कंडेन्सर लावून तीन फेजची मोटार ओढली तर ती पूर्ण ताकदीने चालत नाही, तापत राहते आणि महिन्याभरात जळलेली वेटोळी पुन्हा भरायला न्यावी लागते. तेवढ्याने भागत नाही. ती सिंगल फेज शेतवस्तीवरच्या घरांच्या दिव्यांसाठी सोडलेली असते. मोटारी सुरू झाल्या की त्या घरांचे व्होल्टेज कोसळते. तिथे कोणाची दहावीची परीक्षा असते, कोणाच्या घरी बाळंतीण असते. वीज घराघरांत पोहोचावी म्हणून इतकी वर्षे जो खटाटोप झाला, तो आपल्याच शेजाऱ्याच्या दारात आपण वाया घालवतो.

जाड तारेचा दुसरा परिणाम माणसाच्या जिवावर येतो. वाहिनीत कुठे दोष झाला, तार तुटून खाली पडली किंवा खांबाला चिकटली, तर फ्यूजने ती वाहिनी मेली पाहिजे. फ्यूजच नसेल तर खांब, खांबाला ताणून धरणारी ताणतार, स्टार्टरची पत्र्याची पेटी, यांत वीज उतरलेली राहते आणि बघणाऱ्याला काही दिसत नाही. शेजारच्या शिवारात दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक बैल ताणतारेला अंग घासायला गेला आणि जागीच पडला. त्याचा मालक सोडवायला धावला होता. पाठीमागून येणाऱ्या मुलाने त्याला धरून मागे ओढले म्हणून तो वाचला. तो मुलगा माझा विद्यार्थी होता, आणि बैल पडला की आधी डीपी बंद करायची, हात लावायचा नाही, हे तो वर्गात शिकला होता. बैलजोडी फुटली, पेरणी उसन्या बैलावर करावी लागली. असा सल्ला लिहून पाठवणाऱ्या माणसाने त्या गोठ्यात जाऊन उभे राहावे, असे मला मनापासून वाटते.

शेतकऱ्यावर गुन्हा होत नाही हेही खोटे आहे. विद्युत कायदा २००३ चे कलम १३५ वीजचोरी करणाऱ्या कोणालाही लागू होते आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. उलट याच कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे मागणी करणाऱ्याला वीज पुरवणे हे वीज कंपनीवर बंधनकारक आहे. आकड्यावर असलेल्या पाच-सहा जणांनी जोडणीसाठी अर्ज केले, तर डीपीवरचा खरा भार कागदावर येतो आणि मोठी किंवा जास्तीची डीपी मागायला गावाजवळ आधार राहतो. आज कागदावर भार चौदाच मोटारींचा दिसतो, म्हणून डीपी बदलत नाही.

शेवटी गायरान. संदेशातला हा एकच मुद्दा असा आहे की त्यापुढे मला थांबावे लागते. प्रकल्पाला दर मेगावॅटमागे चार-पाच एकर जमीन लागते आणि ती बहुतेक ठिकाणी गायरानातून दिली जाते. गायरान मोकळे दिसते, पण ते कोणाचेच नसते असे नाही. मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन, त्यातही प्रामुख्याने दलित कुटुंबे गायरानाचे तुकडे कसून पोट भरत आली आहेत. त्यांनी त्यासाठी सत्याग्रह केले, तुरुंगात गेली, आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय सरकारने घेतल्यानंतरही अनेकांच्या नावावर आजवर सातबारा झालेला नाही. शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांनाही हीच जमीन आधार आहे. गावातल्या बागायतदाराला दिवसा वीज मिळावी म्हणून ज्याला विहीरही नाही आणि मोटारही नाही त्याची भाकरी काढून घ्यायची, हे मला मान्य नाही आणि तात्यांनाही नाही.

पण त्यासाठी प्रकल्पच नको म्हणण्याची गरज नाही. अटी घालून हो म्हणता येते. तात्यांना मी ग्रामसभेत लेखी द्यायचे मुद्दे पाठवले आहेत. गायरानाचा कोणता गट, किती एकर, हे मोजणी नकाशासह सभेपुढे ठेवावे. त्या गटात कसणाऱ्यांची नावे ठरावात लिहावीत आणि त्यांच्या ताब्यातली जमीन वगळूनच हद्द आखावी. जनावरांची वाट आणि पाणवठा कुंपणाबाहेर ठेवावा. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो तिला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख रुपये मिळण्याची तरतूद या योजनेत आहे. त्यातला पहिला खर्च वस्तीवरच्या विजेवर आणि चाऱ्यावर करावा, असे आजच लिहून घ्यावे. ज्यांची स्वतःची पडीक जमीन उपकेंद्राजवळ आहे त्यांना ती भाड्याने देता येते आणि हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. गायरान अपुरे पडले तर तो मार्ग खुला आहे. प्लेटांची निगा कोण राखणार आणि मुदत संपल्यावर त्या कोण उचलणार, हेही विचारावे.

काल रात्री तात्यांचा फोन आला होता. पावसाचे त्यांना पटले आहे, आकड्याचे आधीपासूनच पटलेले होते. हात वर करायचा की नाही हे त्यांनी अजून सांगितलेले नाही. गायरानात ज्वारी असलेल्या सात कुटुंबांची नावे त्यांनी वहीत उतरवून घेतली आहेत आणि उद्या ते तलाठ्याकडे गट नंबर पाहायला जाणार आहेत.